मानेतील धमनी आणि जोखमीचा ताळेबंद

नोव्हेंबर महिना म्हणजे बँकेच्या प्रत्येक शाखेत निवृत्तिवेतनधारकांच्या गर्दीचा महिना. हयातीचा दाखला आता घरबसल्या डिजिटल पद्धतीनेही देता येतो. तथापि शाखेत यावे, ओळखीच्या कर्मचाऱ्यासमोर स्वाक्षरी करावी आणि दोन शब्द बोलून जावे, यात ज्येष्ठांना जे समाधान लाभते ते मोबाईलच्या पडद्यावर लाभत नाही. समजा, बेंगळुरूच्या मल्लेश्वरम अथवा जयनगर भागातील एखाद्या शाखेत असेच एक गृहस्थ काउंटरपाशी उभे आहेत. वय सत्तरीच्या आतबाहेर, प्रकृती ठणठणीत, तीस वर्षांत सहीचे वळण बदललेले नाही. आज मात्र पेन बोटांतून निसटते. उचलून पुन्हा धरले तरी अक्षर वाकडेतिकडे उमटते आणि नमुना सहीशी जुळत नाही. कर्मचारी काही विचारतो. उत्तर ठाऊक असते, पण शब्द ओठांवर येत नाही. कोणी खुर्ची देतो, कोणी पाणी आणतो. दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते, सही जुळते, दाखला पूर्ण होतो. ‘पित्त झाले असेल’, ‘सकाळी काही खाल्ले नसेल’ असे म्हणत मंडळी आपापल्या कामाला लागतात आणि ते गृहस्थ रिक्षा करून घरी जातात.

बँकेच्या दृष्टीने काम झाले. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही दहा मिनिटे त्या गृहस्थांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची असू शकतात. उजवा हात आणि वाचा यांचा कारभार बहुतेक माणसांत मेंदूचा डावा भाग पाहतो. त्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होऊन पुन्हा सुरू झाला, तर अशी लक्षणे येतात आणि जातात. डॉक्टर यास ‘टीआयए’ म्हणतात. ‘क्षणिक पक्षाघात’ हा शब्द आपल्याला जवळचा. कधी हात जड होण्याऐवजी एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखा अंधार येतो व काही मिनिटांत दूर होतो. हीदेखील त्याच रोगाची खूण होय, कारण डोळ्याकडे जाणारी धमनी मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचीच शाखा आहे. कॅलिफोर्नियातील १,७०७ रुग्णांची एक पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. टीआयए होऊन गेलेल्यांपैकी १०.५ टक्के रुग्णांना पुढील ९० दिवसांत पक्षाघाताचा पुरा झटका आला आणि त्यांतील निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच आला, असे तीत आढळले. ‘आता बरे वाटते आहे, पुढच्या आठवड्यात दाखवू’ हा विचार किती महागात पडू शकतो, ते या आकड्यांवरून ध्यानी यावे.

अशा रुग्णांपैकी काहींमध्ये दोषाचे मूळ मेंदूत नसते. ते मानेत असते.

दोन बोटांखालचे ठोके

जबड्याखाली, श्वासनलिकेच्या शेजारी दोन बोटे हलकेच ठेवली की जे ठोके जाणवतात, ते ‘कॅरॉटिड’ धमनीचे. गाढ झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. ही धमनी दाबली असता माणूस निश्चेष्ट होतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. अशा दोन धमन्या मानेच्या दोन बाजूंनी वर जातात, आणखी दोन मणक्यांच्या आधाराने पाठीमागून जातात, आणि या चौघी मिळून मेंदूचे पोषण करतात. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के एकटा मेंदू वापरतो.

जबड्याच्या कोनाजवळ ही धमनी दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे व दुसरा मेंदूकडे जातो. नदीच्या फाट्यावर भोवरे पडून गाळ साचावा, तसा या दुभाजकावर मेद, चुना आणि मृत पेशी यांचा थर वर्षानुवर्षे साठत जातो. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल हे या गाळाचे पुरवठादार. थरामुळे वाट अरुंद झाली म्हणून मेंदू उपाशी पडतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा. बहुतेक वेळा घात होतो तो निराळ्याच रीतीने. थराचा पृष्ठभाग फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि तिचा एखादा कण सुटून प्रवाहाबरोबर मेंदूतील बारीक वाहिनीत जाऊन अडकतो. कण लहान असला व विरघळला तर दहा मिनिटांचे प्रकरण. मोठा असला तर अंथरूण.

बेंगळुरू आणि मेंदूचे आजार

मेंदूच्या आजारांच्या अभ्यासात बेंगळुरूचे स्थान देशात वेगळे आहे. येथील जुने मानसिक रुग्णालय आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून १९७४ मध्ये ‘निम्हान्स’ उभी राहिली. होसूर रस्त्यावरील या संस्थेच्या आवारात कर्नाटकाबरोबरच शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. याच संस्थेतील संशोधकांनी १९९३ ते १९९५ या काळात बेंगळुरू शहर व आसपासच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन १,०२,५५७ माणसांची पाहणी केली. चेतासंस्थेच्या विकारांचे प्रमाण ग्रामीण भागात शहराच्या जवळपास दुप्पट आढळले. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे, ही समजूतही या पाहणीत टिकली नाही. खेड्यांनाही त्याचा उपद्रव होता. मुंबईत वांद्रे–खार परिसरात २००५-०६ मध्ये पक्षाघाताची जी नोंदवही ठेवण्यात आली, तिच्यानुसार वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे १४५ जणांना प्रथमच झटका आला होता आणि त्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले होते.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. युरोप-अमेरिकेतील रुग्णांच्या तुलनेत आशियाई माणसांत अरुंदपणा मानेपेक्षा कवटीच्या आतील धमन्यांत अधिक आढळतो. मानेवरील शस्त्रक्रियेचा तेथे उपयोग नाही. त्यामुळे आपल्याकडे ही शस्त्रक्रिया पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी होते. बेंगळुरूत वसंतनगरच्या भगवान महावीर जैन रुग्णालयातील ‘जैन इन्स्टिट्यूट ऑफ व्हॅस्क्युलर सायन्सेस’सारखी, केवळ रक्तवाहिन्यांच्या उपचारांना वाहिलेली संस्था आहे, मात्र प्रत्येक शहराला अशी सोय लाभलेली नाही. शस्त्रक्रिया जितकी कमी होते, तितका ती सातत्याने करणारा हात शोधणे महत्त्वाचे ठरते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

बसचालक, वृद्धा आणि एक शंकेखोर डॉक्टर

मानेतील धमनीचा आणि पक्षाघाताचा संबंध ठामपणे मांडला तो मिलर फिशर या कॅनडातील मज्जाविकारतज्ज्ञाने, १९५१ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९५३ मध्ये, अमेरिकेत ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी ५३ वर्षांच्या एका बसचालकाची धमनी उघडून आतील थर काढला. १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी ६६ वर्षांच्या एका स्त्रीच्या धमनीचा रोगट भागच कापून टोके जोडली. तिला त्यापूर्वी क्षणिक पक्षाघाताचे ३३ झटके येऊन गेले होते. मेंदूची ऑक्सिजनची गरज कमी व्हावी म्हणून त्यांनी तिचे शरीर आधी थंड केले होते. आतील थर सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेस ‘एन्डार्टरेक्टॉमी’ हे नाव रूढ झाले.

पुढील तीस वर्षांत ती इतकी लोकप्रिय झाली, की १९८५ च्या सुमारास एकट्या अमेरिकेत वर्षाला लाखाहून अधिक रुग्णांवर केली जाऊ लागली. फायदा होतो, असे शल्यचिकित्सकांना वाटत होते. परंतु पुरावा तुटपुंजा होता. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, झालेल्या शस्त्रक्रियांपैकी जवळपास एक तृतीयांश अनावश्यक कारणांसाठी केलेल्या आढळल्या आणि जवळजवळ दहा टक्के रुग्णांना एक तर मृत्यू आला होता किंवा कायमचा अपाय झाला होता. ज्या कर्जदाराची पतच तपासली नाही, त्याला कर्ज वाटत सुटावे, तशातला हा प्रकार होता.

कॅनडातील हेन्री बार्नेट या मज्जाविकारतज्ज्ञाने यावर मोठ्या चाचणीचा आग्रह धरला. ‘नॅसेट’ या नावाने ती ओळखली जाते. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्यात आले. एका गटाला केवळ औषधे, दुसऱ्याला औषधे आणि शस्त्रक्रिया. ज्यांना लक्षणे येऊन गेली होती आणि ज्यांची धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद होती, अशा ६५९ रुग्णांमधील फरक इतका स्पष्ट दिसू लागला, की १९९१ मध्ये त्या गटापुरती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली.

ताळेबंद

या चाचणीतले आकडे बँकेच्या वाचकाला समजण्यास कठीण नाहीत. केवळ औषधांवर ठेवलेल्या शंभर रुग्णांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्या शंभरांपैकी ९ जणांना. शस्त्रक्रियेच्या वेळी आलेले झटके या नऊमध्येच मोजलेले आहेत. म्हणजे शंभर शस्त्रक्रियांमागे १७ झटके टळले. सुमारे सहा शस्त्रक्रियांमागे एक.

पण ताळेबंदाची दुसरी बाजूही त्याच कागदावर आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत ५.८ टक्के रुग्णांना पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला. या शस्त्रक्रियेचे वेगळेपण नेमके येथेच आहे. अपेंडिक्स काढण्यास जाणारा माणूस दुखण्याने कळवळत असतो आणि दुखणे थांबवून घरी येतो. येथे टेबलावर चालत जाणारा माणूस बहुधा आज बरा आहे. आणि जो आघात भविष्यात होऊ नये म्हणून तो टेबलावर जातो, तोच आघात टेबलावर होण्याची शक्यता त्याने स्वीकारायची असते. जोखीम आज, एकरकमी. परतावा पुढील अनेक वर्षांत, हप्त्याहप्त्याने. ज्याचे आयुर्मान इतर आजारांमुळे दोन-तीन वर्षांपुरतेच उरले आहे, त्याला हा व्यवहार फायद्याचा नाही.

अरुंदपणा ५० ते ६९ टक्के असल्यास फायदा उरतो, पण आटतो: पाच वर्षांत २२.२ टक्क्यांऐवजी १५.७ टक्के. पन्नास टक्क्यांच्या खाली शस्त्रक्रियेने काही साधत नाही. धमनी पूर्णपणे, शंभर टक्के बंद झाली असेल तर ती उघडण्याचा हा मार्ग सहसा वापरत नाहीत. अनेक कुटुंबांना याचे नवल वाटते. परंतु बंद वाटेवरून कण वाहून जाण्याचा प्रश्नच राहिलेला नसतो.

याहून महत्त्वाची आहे ती मुदत. पीटर रॉथवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोठ्या चाचण्यांतील आकडे एकत्र करून पाहिले. पन्नास टक्के किंवा अधिक अरुंदपणा असलेल्या रुग्णांत शेवटच्या लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर पाच रुग्णांमागे एक पक्षाघात टळतो; बारा आठवड्यांनंतर झाली, तर तोच एक टाळण्यासाठी १२५ रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागते. दोन्हींत शस्त्रक्रियेची जोखीम मात्र पत्करावीच लागते. मुलगा परदेशातून येईपर्यंत, लग्नसराई आटोपेपर्यंत किंवा चांगला दिवस पाहीपर्यंत थांबण्याची आपली रीत येथे घातक ठरते.

टेबलावर आणि नंतर

शस्त्रक्रिया दिसायला साधी आहे. मानेच्या बाजूने, कानाच्या पाळीखालून छातीच्या दिशेने चीर घेतात. गुठळी होऊ नये म्हणून रक्तात हेपारिन सोडतात, धमनी वर-खाली चिमट्यांनी बंद करतात, उभी कापतात, आणि आतील थर धमनीच्या आतल्या अस्तरासह अलगद सोडवून घेतात. नंतर शिरेचे वा कृत्रिम कापडाचे ठिगळ लावून धमनी शिवतात. चिमटे लागलेले असेपर्यंत मेंदूचा तो भाग इतर तीन धमन्यांवर विसंबून असतो. तो पुरवठा अपुरा वाटल्यास एक बारीक नळी तात्पुरती बसवून रक्त पुढे नेतात.

अपुरा आहे की नाही, हे कळायचे कसे? काही ठिकाणी केवळ मान बधिर करून रुग्णाला जागे ठेवतात, त्याच्याशी बोलत राहतात, आणि विरुद्ध बाजूच्या हातात दाबले की आवाज करणारे लहान मुलांचे खेळणे देतात. खेळणे वाजते आहे तोवर मेंदू जागा आहे. अत्याधुनिक यंत्रांच्या गर्दीत हे रबरी खेळणे पाहून नातेवाईक चकित होतात. जागे ठेवणे बरे की पूर्ण भूल बरी, हा वाद मात्र ३,५२६ रुग्णांवरील ‘गाला’ या चाचणीने २००८ मध्ये बराचसा मिटवला. परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही.

गुंतागुंतींपैकी पक्षाघात ही सर्वांत भयप्रद. थर सोडवताना सुटलेला कण, चिमट्यांच्या काळातील उपासमार किंवा शिवलेल्या जागी धरलेली गुठळी, यांपैकी काहीही त्यास कारण होते. रुग्ण शुद्धीवर येताच त्याला हात उचलायला आणि नाव सांगायला लावतात, ते याचसाठी. दुसरी भीती हृदयाची. मानेतील धमनीत गाळ आहे, तेथे हृदयाच्या धमन्या स्वच्छ असतील असे क्वचितच घडते. शस्त्रक्रियेच्या ताणाने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

तिसरी गुंतागुंत वाट्याला अधिक येते, पण तिच्याविषयी आधी बोलले जात नाही. मानेच्या या अरुंद जागेतून जिभेचा, स्वरयंत्राचा आणि खालच्या ओठाचा कारभार पाहणारे मज्जातंतू जातात. ते ताणले गेले किंवा दुखावले, तर आवाज घोगरा होतो, जीभ एका बाजूला वळते, ओठाची कड खाली लोंबते, पाणी पिताना ठसका लागतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मर्मांचे वर्णन करताना कंठनाडीच्या दोहों बाजूंच्या ‘नीला’ आणि ‘मन्या’ या धमन्यांचा उल्लेख आहे; तेथे इजा झाल्यास मुकेपणा येतो, स्वर बिघडतो व रसाचे ज्ञान जाते, असे त्यात म्हटले आहे. आजच्या शल्यचिकित्सकाला ही यादी परकी वाटणार नाही. ‘क्रेस्ट’ या चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्या ४.७ टक्के रुग्णांत अशी इजा नोंदवली गेली. बहुतांश रुग्णांत ती काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येते, थोड्यांत राहते. शिक्षक, गायक किंवा कीर्तनकार यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही, आणि ती संमतिपत्रावर सही करण्याआधी बोलली गेली पाहिजे. कानाच्या पाळीभोवतीची बधिरता तर अनेकांना येते. दाढी करताना ती जाणवते, त्रास सहसा होत नाही.

पहिल्या रात्री परिचारिका मानेकडे वारंवार पाहतात. आत रक्त साचून गोळा वाढला तर तो श्वासनलिकेवर दाबतो आणि मिनिटांत जीव गुदमरतो. अशा वेळी टाके तेथेच उघडावे लागतात. रक्तदाबही या काळात लहरी असतो, कारण दाब मोजून हृदयाला वर्दी देणारी शरीराची स्वतःची यंत्रणा याच दुभाजकाजवळ बसलेली आहे आणि तिलाच धक्का लागलेला असतो.

घरी परतल्यानंतरचा एक धोका मात्र कुटुंबाने ओळखायचा असतो. वर्षानुवर्षे कमी रक्ताची सवय झालेल्या मेंदूत एकाएकी पूर्ण प्रवाह सुरू होतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतात अचानक पूर्ण दाबाने पाणी सोडावे आणि बांध फुटावेत, तशी गत काही थोड्या रुग्णांत होते. त्याच बाजूचे तीव्र डोके दुखणे, आकडी, गोंधळलेपण ही त्याची चिन्हे. पहिल्या काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांनीही ती उद्भवतात. रक्तदाब तातडीने आवरला नाही तर मेंदूत रक्तस्राव होतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि दहाव्या दिवशी ‘डोके दुखते’ म्हणून घरातली गोळी देऊन रुग्णाला झोपवले, असे होऊ नये.

जाळीचा पर्याय

हृदयाप्रमाणे मानेच्या धमनीतही जांघेतून वा मनगटातून नळी नेऊन जाळी, म्हणजे स्टेंट, बसवता येतो. चीर नाही, पूर्ण भूल नाही, मज्जातंतूंना इजा जवळजवळ नाही. २,५०२ रुग्णांवरील क्रेस्ट चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका व मृत्यू हे सर्व एकत्र धरले तर दोन्ही उपाय जवळपास तुल्यबळ ठरले: चार वर्षांत स्टेंटच्या गटात ७.२ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ६.८ टक्के. पण बेरीज सारखी असली तरी खाती निराळी होती. उपचाराच्या काळातील पक्षाघात स्टेंटच्या गटात अधिक (४.१ विरुद्ध २.३ टक्के), हृदयविकाराचा झटका शस्त्रक्रियेच्या गटात अधिक (२.३ विरुद्ध १.१ टक्के). सत्तरीपुढील रुग्णांत शस्त्रक्रियेचे पारडे जड दिसले. मानेवर पूर्वी किरणोपचार झालेले असणे, हृदय फारच दुर्बळ असणे, अशा स्थितीत स्टेंटचा विचार आधी होतो. ‘कापाकापी नको’ एवढ्याच कारणाने स्टेंट निवडणे हा निर्णय नव्हे, ती भीती आहे.

लक्षणे नसलेल्यांचे काय?

बेंगळुरूसारख्या शहरात सर्वांगीण आरोग्य तपासणीची आकर्षक ‘पॅकेजे’ उपलब्ध असतात आणि काहींत मानेच्या डॉप्लर तपासणीचाही समावेश असतो. ज्याला कधीही काही झाले नाही, अशा माणसाच्या हाती ‘६५ टक्के अरुंद’ असा अहवाल पडतो आणि घराची झोप उडते. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ मंडळाने २०२१ मध्येही, लक्षणे नसलेल्या सर्वसामान्य प्रौढांची अशी चाळणी करू नये, हाच सल्ला कायम ठेवला आहे.

कारण येथे ताळेबंद फार चुरशीचा आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,६६२ रुग्णांवरील चाचणीत पाच वर्षांतील पक्षाघाताचा धोका ११ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आला. म्हणजे शंभरामागे सहा, तेही पाच वर्षांत, आणि निवडक कुशल शल्यचिकित्सकांच्या हातून. त्यानंतर स्टॅटिन वर्गातील औषधे आणि रक्तदाबाचे उपचार इतके सुधारले, की केवळ औषधांवरील रुग्णांचा धोकाही घटला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘क्रेस्ट-२’ चे निष्कर्ष आले. लक्षणे नसलेल्या, ७० टक्के वा अधिक अरुंदपणा असलेल्या रुग्णांत उत्तम औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्यास झटके कमी झाले. शस्त्रक्रियेची जोड दिलेल्या गटातील फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही. तेव्हा अशा अहवालाने घाबरून त्याच आठवड्यात टेबल गाठण्याचे कारण नाही. लक्षणे येऊन गेलेल्याने घाई करावी आणि न आलेल्याने विचारास वेळ घ्यावा. प्रत्यक्षात बहुधा याच्या उलट घडते.

दोन्ही प्रसंगी डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्यात संकोच नसावा: येथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात आणि त्यांपैकी किती जणांना पक्षाघात किंवा मृत्यू येतो? लक्षणे असलेल्या रुग्णांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत आणि लक्षणे नसलेल्यांत तीन टक्क्यांच्या आत असावे, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांत दीर्घकाळ मानलेली मर्यादा आहे. ती ओलांडली, तर वर सांगितलेला सारा नफा बुडतो. मुदत ठेव ठेवताना व्याजदर विचारणारा ग्राहक हा दर विचारायला कचरतो, हे खरे आश्चर्य आहे.

हात परत आला नाही तर

काही रुग्णांच्या बाबतीत सर्व उपाय करूनही पक्षाघात होतो. अशा वेळी खात्यात पैसे असतात. पण सही करणारा हात नसतो, आणि पैशांची गरज नेमकी तेव्हाच असते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी वा विकलांग खातेदाराच्या हाताच्या अथवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊन रक्कम देता येते. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ठसाही शक्य नसेल तर साक्षीदारांसमक्ष एखादी खूण चालते. सत्तरीपुढील व विकलांग ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना २०१७ पासून आहेत. मुखत्यारपत्र करून ठेवले आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, की मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमताच नष्ट झाली, तर भारतीय करार कायद्याप्रमाणे सामान्य मुखत्यारी संपुष्टात येते. शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर, रुग्णालयात दाखल होण्याआधी, ‘दोघांपैकी कोणीही एक अथवा हयात व्यक्ती’ या सूचनेसह खाते संयुक्त करून घेणे आणि नामांकन तपासणे हे शाखेतील अर्ध्या तासाचे काम आहे. तसेच हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे यांपैकी काहीही शाखेत कोणाच्या बाबतीत दिसले, तर सही जुळण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवण्याचे औषध झटक्यानंतर साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर साडेचार तास म्हणजे फार नव्हेत.

त्यानंतरची वर्षे

शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडलेल्या रुग्णाचा त्या बाजूच्या पक्षाघाताचा धोका दीर्घकाळ कमी राहतो. क्रेस्टमध्ये दोन वर्षांत सुमारे सहा टक्के रुग्णांची धमनी पुन्हा अरुंद झाली वा बंद झाली. हे प्रमाण स्टेंट आणि शस्त्रक्रिया या दोहोंत सारखेच होते. म्हणून अधूनमधून डॉप्लर करतात. ॲस्पिरिन व स्टॅटिन चालूच राहतात. टाके निघाल्यावर गोळ्या थांबवणारे रुग्ण पुष्कळ असतात, आणि तंबाखू पुन्हा सुरू करणारेही. धमनीचा एक वीतभरही नसलेला तुकडा स्वच्छ झालेला असतो. उरलेले शरीर तेच असते, आणि त्यातला गाळ वाढतच असतो.

ह्यूस्टनमधल्या त्या बसचालकाची हकीकत डिबेकी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. १९५३ च्या त्या शस्त्रक्रियेनंतर तो १९ वर्षे जगला. त्या साऱ्या काळात त्याला पुन्हा पक्षाघात झाला नाही. अखेर तो गेला तो हृदयाच्या धमन्यांच्या विकाराने.